दिवाळीचा खर्च नेमका कुठे गळतो?

गणपतीपासून रथसप्तमीपर्यंतचे पाच महिने मराठी घराच्या जमाखर्चात वेगळ्या पानावर मांडायला हवेत. गौरी-गणपती, दसरा, कोजागरी, दिवाळी, तुळशीचं लग्न, त्यामागून येणारी लग्नसराई आणि शेवटी संक्रांतीची हळदीकुंकवं. दर सणाला सजावट निराळी आणि देणंघेणंही निराळं. या काळात पैसे कसे वाचवावेत यावर दर वर्षी पुरवण्यांमधून सल्ल्यांचा पाऊस पडतो. ते सगळे सल्ले एकत्र ठेवून पाहिले तर त्यांच्या चारच जाती निघतात: स्वस्तात घ्या, घरी करा, आधीपासून साठवा आणि देणंघेणं आवरा. पहिला सल्ला सगळ्यांत जास्त वेळा दिला जातो आणि त्यातून हाती सगळ्यांत कमी लागतं. चौथा फारसा कुणी देत नाही. तो पाळायचा तर दुकानदाराऐवजी आत्या-मावशींशी बोलावं लागतं, आणि ती घासाघीस फार अवघड.

आधी स्वस्ताई पाहू. दसऱ्याच्या आगेमागे ऑनलाइन दुकानांचे मोठे सेल लागतात. फ्लिपकार्टचा ‘बिग बिलियन डेज’ २०१४ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा आला, आणि आता सेलची तारीख पंचांगातल्या तिथीसारखी पाठ असलेली माणसं घरोघरी आहेत. सेलमधली सूट मोजली जाते ती छापील किमतीवर. ही छापील किंमत म्हणजे त्याहून जास्त घेता येणार नाही एवढीच मर्यादा. वस्तू एरवी त्याच भावाने विकली जाते असं त्यातून सिद्ध होत नाही. तीन हजार छापलेला मिक्सर वर्षभर दोन हजारांना मिळत असेल आणि सेलमध्ये ‘४० टक्के सूट’ देऊन तो अठराशेला दिला, तर वाचले दोनशे. जाहिरातीत मात्र बाराशे दिसतात. यावर तोड एकच. जे घ्यायचं नक्की आहे त्याचा भाव श्रावणातच वहीत टिपून ठेवायचा.

दुसरं आमिष बिनव्याजी हप्त्यांचं. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज एक तर प्रक्रिया शुल्काच्या पोटात दडवलेलं असतं, नाहीतर ग्राहकाला मिळू शकणारी सूट बँकेकडे वळवलेली असते. आजच्या ‘नो-कॉस्ट ईएमआय’मध्ये बहुधा व्याजाइतकी रक्कम आधी किमतीतून कापून दाखवतात आणि मग कार्डावर व्याज लावतात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, प्रक्रिया शुल्क वेगळं. रक्कम मोठी नसते, पण शून्यही नसते. दुकानात उभं असताना ‘हप्ते नकोत, रोख देतो, मग केवढ्याला?’ एवढा प्रश्न विचारला की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

घाऊक बाजाराची बाब वेगळी. मुंबईत दिव्यांच्या माळांसाठी लोहार चाळ, कागद-रिबिनींसाठी अब्दुल रहमान स्ट्रीट, सुक्या मेव्यासाठी मशीद बंदर, पणत्यांसाठी धारावीचा कुंभारवाडा, पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळी, नागपुरात इतवारी. इथे भाव खरोखर उतरलेले असतात, पण डझनाचे आणि किलोचे. दोन माळा नि अर्धा किलो काजू आणायला बदलापूरहून मशीद बंदर गाठणारा माणूस ‘आलोच आहोत तर’ म्हणत दोन पिशव्या भरून परततो आणि घरी आल्यावर हिशेब करायचं टाळतो. सोसायटीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एकच यादी केली आणि दोघांनी जाऊन माल आणला, तर मात्र हा बाजार पावतो.

फुलांचा भाव घड्याळावर चालतो. दसऱ्याच्या सकाळी दादरच्या फुलबाजारात किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात झेंडू ज्या भावाने जातो, त्याचा संध्याकाळी मागमूस राहत नाही. आवक जास्त झालेल्या वर्षी शेतकरी उरलेला झेंडू तिथेच ओतून रिकाम्या गाडीने गावी परततात. ‘संध्याकाळी घ्या, स्वस्त पडतो’ असं सुचवणाऱ्यांना तोरण सकाळी लावायचं असतं हे माहीत नसावं. आदल्या दिवशी सुटा झेंडू आणि आंब्याचे डहाळे आणून घरी ओवलं तर तयार तोरणापेक्षा बरंच स्वस्त पडतं, तेवढं पुरे. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट मोजायची आणि पाटी घेऊन बसलेल्या बाईशी दहा रुपयांवरून हुज्जत घालायची, याला काटकसर म्हणवत नाही.

बाजाराच्या बाजूने एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे सुक्या मेव्याचा भेट-डबा. वर सोनेरी छपाईचं झाकण, आत साटिनचं अस्तर, चार कप्पे. कप्प्यांखाली प्लास्टिकचा ट्रे इतका उंच बसवलेला की डबा दिसतो चार बोटं खोल आणि माल भरतो जेमतेम दीड बोट. काजू, बदाम, पिस्ते, मनुका. पिस्त्यांच्या टरफलांचंही वजन धरलेलं. डब्याच्या कडेला बारीक अक्षरात निव्वळ वजन छापलेलं असतं. त्या वजनाला तोच माल सुटा केवढ्याला पडेल ते काढायचं आणि डब्याच्या किमतीतून वजा करायचं. जे उरेल ते आपण खोक्याला दिलेले पैसे. असा एक हिशेब केला की पुन्हा तयार डबा घ्यायला हात धजत नाही. सुटा मेवा आणून स्टीलच्या लहान डब्यात किंवा खणाच्या शिवलेल्या पिशवीत भरून दिला तर खर्च कमी होतो, आणि डबा पुढे वर्षभर कुणाच्या तरी ओट्यावर जिरं-मोहरीसाठी राहतो.

मिठाईच्या बाबतीत तर नियमच ग्राहकाच्या बाजूचा आहे. वजन करताना खोकं धरायचं नाही. काजूकतलीच्या भावाने पुठ्ठा विकत घेण्याची वेळ आली तर ‘आधी खोकं ठेवून काटा शून्यावर आणा’ एवढं म्हणायला संकोच नको. सुट्या मिठाईच्या ट्रेपुढे ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्याजोगी आहे हे लिहिणंही १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. भाऊबीजेला द्यायची मिठाई धनत्रयोदशीलाच घेऊन ठेवणाऱ्यांनी ती तारीख जरूर पाहावी.

सजावटीत मात्र पैसे खरोखर वाचतात, आणि ते वाचतात माळ्यावर. गेल्या वर्षीचं सामान ज्या घरात धड अवस्थेत आणि ठरल्या जागी सापडतं, त्या घराला नवं फार थोडं घ्यावं लागतं.

पारंपरिक आकाशकंदीलच घ्या. त्याचे भाग दोन, बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावरचा कागद. कामट्या तासून दोऱ्याने घट्ट बांधलेला सांगाडा वर्षानुवर्षं टिकतो. कागदाचं आयुष्य एका दिवाळीचं. परतीच्या पावसाची सर आली तर तेवढंही नाही. म्हणून सांगाडा जपायचा आणि कागद दर वर्षी बदलायचा अशी चाळींमधली रीत होती. पतंगाचा कागद, मैद्याची खळ, कडांना सोनेरी पट्टी, कोपऱ्यांवर कागदी करंज्या आणि खाली झिरमिळ्या. खळ पातळ झाली तर कागद भिजून फाटतो, घट्ट झाली तर वाळल्यावर गाठी दिसतात. कागद ओढून-ताणून लावायचा नाही, कारण खळ वाळताना तो आपला आपण आवळत जातो. हे एका दुपारचं काम आहे आणि कागदाला लागणारे पैसे किरकोळ. माहीमच्या कंदील गल्लीतून तयार कंदील आणण्यात वाईट काही नाही, तिथल्या कारागिरांची वर्षाची कमाई त्या काही दिवसांवर असते. पण मग सांगाडा मजबूत बघून घ्यावा, आणि पुढच्या वर्षी तोच खाली उतरवावा.

मखराची गोष्ट याच अंगाने जाते. कितीतरी वर्षं थर्माकोलने हे काम सोपं करून ठेवलं होतं: हलकं, स्वस्त, ब्लेडने कापता येणारं आणि विसर्जनानंतर सरळ कचऱ्यात जाणारं. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक-थर्माकोलबंदी जाहीर केली आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभरच बंदी आली. राज्याच्या नियमात पहिल्याच गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड आहे, तेव्हा चोरून मिळणाऱ्या थर्माकोलला स्वस्त म्हणायचं कसं? पुठ्ठ्याची, कापडाची, प्लायची घडीची मखरं सुरुवातीला महाग वाटली, कारण आपण एका वर्षाच्या वस्तूशी सहा वर्षांच्या वस्तूची तुलना करत होतो. सहा गणपतींना पुरलेल्या मखराची किंमत सहाने भागायची असते. त्याहून सोपा उपाय कपाटातच असतो. आजीची जुनी पैठणी किंवा इरकल मागे सोडली, बाजूला दोन समया ठेवल्या की मखराची आठवणही होत नाही. ‘दर वर्षी तेच?’ असं म्हणणारा पाहुणा दहा मिनिटं बसतो, मोदक खातो आणि पुढच्या घरी जातो. त्याच्यासाठी किती खर्च करायचा हे ज्याचं त्याने ठरवावं.

दिव्यांच्या माळांबद्दल एक गैरसमज आहे की त्यांनी वीजबिल वाढतं. दहा वॉटची एलईडी माळ रोज सहा तास याप्रमाणे दहा दिवस जळली तर वीज लागते ०.६ युनिट. म्हणजे काही रुपये. पैसे जातात ते दर वर्षी नवी माळ घेण्यात, आणि नवी घ्यावी लागते कारण जुनी गोळा करून पिशवीत कोंबलेली असते. वर्षाने ती गुंता होऊन निघते, सोडवताना वायर तुटते. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून, वर ‘खिडकी’ किंवा ‘देवघर’ असं लिहून ठेवलेली माळ चार दिवाळ्या काढते.

गोव्यात आणि तळकोकणात गणपतीच्या डोक्यावर बांधली जाणारी माटोळी हा या सगळ्यांतला सर्वांत शहाणा प्रकार म्हणायला हवा. सुपारीचे घड, नारळाची पेंड, चिबूड, कवंडळं, रानातली फळं-फुलं लाकडी चौकटीला टांगायची. सजावट संपली की त्यातलं पुष्कळसं पोटात जातं, उरलेलं मातीत. पूर्वी हे रानातून गोळा व्हायचं. आता शहरातली माणसं बाजारातून विकत घेतात आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी भाव चढलेले असतात, तरी रानात जाऊन फळं गोळा करणाऱ्यांच्या हाती त्यातला बराच पैसा पडतो. गोवा सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धाही घेतं. पुण्या-मुंबईच्या मुलांचा दिवाळीतला किल्लाही याच कुळातला होता: माती, विटा, जुनं गोणपाट, पेरलेले अळीव. आता तयार किल्ले रस्त्यावर मांडलेले दिसतात. तो विकत घेणाऱ्या बापाचे पैसे जातात ते जातात, शिवाय मुलाची सुट्टी मोकळी राहते आणि मग त्या मोकळ्या सुट्टीसाठी आणखी काहीतरी विकत आणावं लागतं.

‘घरी करा’ या सल्ल्याबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. फराळ घरी केला तर स्वस्त पडतो, हे विधान घरातल्या बाईचे तास शून्य रुपये धरल्यावरच खरं ठरतं. डाळ, रवा, तेल, तूप, साखर यांची बेरीज केली तर घरची चकली दुकानातल्या चकलीपेक्षा स्वस्त निघते खरी. पण भाजणी भाजण्यापासून शेवटचा घाणा निघेपर्यंतचे तास त्या बेरजेत नसतात. नोकरी करून आलेली बाई रात्री अकरा वाजता अनारशाचं पीठ मळत असेल, तर त्या घराने पैसे वाचवलेले नाहीत, तिच्या झोपेतून उसने घेतले आहेत. चिवडा, शंकरपाळे, साधे लाडू घरी सहज होतात, ते सगळ्यांनी मिळून करावेत. अनारसे, चिरोटे, कडबोळी हे जोखमीचे पदार्थ पाव-पाव किलो बचत गटाच्या बायकांकडून घ्यावेत. सात-आठ प्रकार झालेच पाहिजेत हा नियम कुठल्या ग्रंथात नाही. राज्य सरकारने २०२२ च्या दिवाळीत शिधापत्रिकेवर शंभर रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ दिला त्यात रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि एक लिटर पामतेल होतं. दोन पदार्थांची दिवाळी एवढ्यात होते, आणि अनेक घरांत ती तेवढीच असते.

आता साठवण्याविषयी. इथे आकडेच बोलके आहेत. बँकेत दरमहा हजार रुपयांचं आवर्ती खातं साडेसहा टक्क्यांनी वर्षभर चालवलं तर बारा हजारांवर सव्वाचारशेच्या आसपास व्याज मिळतं. उलट दिवाळीत बारा हजार क्रेडिट कार्डावर उडवले आणि ते थकले, तर दरमहा साडेतीन टक्क्यांनी पहिल्याच महिन्याचं व्याज होतं ४२०, वर जीएसटी. एका घराने वर्षभर कमावलं तेवढं दुसऱ्याने महिन्याभरात घालवलं. दोघांनी आकाशकंदील तोच घेतला, मिठाई त्याच दुकानातली. सेलमध्ये चार तास घालवून वाचवलेले दोनशे या हिशेबापुढे अगदीच फिके पडतात.

बोनसची अडचण अशी की तो ऐन दिवाळीच्या तोंडावर येतो, म्हणजे भाव सर्वांत चढलेले असताना हातात सर्वांत जास्त पैसा. १९६५ च्या बोनस कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, ठरला. कामगारांनी झगडून मिळवलेला हा पैसा पुष्कळ घरांत आठवड्याभरात बाजारात विरतो. ज्यांना जमेल त्यांनी एकदाच काय तो त्रास सोसावा: एका वर्षीचा बोनस तसाच ठेवायचा आणि पुढच्या दिवाळीची खरेदी त्यातून, भाद्रपदापासून सावकाश करायची. मग दर वर्षीचा बोनस पुढच्या वर्षीसाठी.

बँकेऐवजी भिशी, ‘दिवाळी फंड’ किंवा ‘फटाका फंड’ यांत पैसे भरणारी माणसं कमी नाहीत. दर आठवड्याला दारात येऊन पन्नास-शंभर रुपये नेणारा माणूस असला की पैसे बाजूला पडतात, हा त्याचा खरा फायदा. बँक दारात येत नाही. पण फंड चालवणारा दिवाळीच्या आठवड्यात गाव सोडून गेल्याच्या बातम्याही नेहमीच्या आहेत. विनापरवाना ठेवी गोळा करण्यावर २०१९ चा केंद्राचा कायदा आहे, तरी पैसे परत मिळायला वर्षं जातात. सराफांच्या योजनाही याच पंगतीतल्या. त्या ११ महिन्यांच्याच का असतात? कारण मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळली नाही तर २०१४ च्या नियमांप्रमाणे ती ठेव मानली जाते आणि मग ठेवींचे सगळे निर्बंध लागू होतात. त्या ११ महिन्यांत ग्राहकाच्या पैशाला तारण काही नसतं. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर ठाणे-डोंबिवली भागातल्या एका सराफी साखळीची दुकानं अचानक बंद झाली तेव्हा योजनेत पैसे भरलेली कुटुंबं कुलूप लावलेल्या शटरपुढे उभी होती.

राहिलं देणंघेणं, आणि माझ्या मते खरी गळती इथेच आहे. १९९३ साली जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला. येल विद्यापीठातल्या आपल्या विद्यार्थ्यांना त्याने दोन प्रश्न केले: मिळालेल्या भेटी देणाऱ्याला केवढ्याला पडल्या असतील, आणि भावनेचा भाग सोडला तर त्याच वस्तूंसाठी तुम्ही स्वतः किती मोजाल? दोन उत्तरांतल्या फरकावरून त्याने काढलं की भेटींच्या किमतीचा एक दशांश ते एक तृतीयांश भाग वायाच जातो. आजी-आजोबा आणि काका-मावश्या यांच्या भेटींत तोटा जास्त होता. मित्रमैत्रिणींच्या भेटींत कमी. आणि ज्यांच्या भेटी जास्त फसत, तीच नाती वस्तूऐवजी रोख रक्कम अधिक वेळा देत होती.

भाऊबीजेच्या ताटात पडणारी ओवाळणी ही त्याच दुखण्यावरची आपल्याकडची जुनी मात्रा. बहिणीला काय हवं ते तिचं तिने घ्यावं. पण गेल्या काही वर्षांत या साध्या व्यवहारावर दोन थर चढले. ओवाळणीच्या पाकिटाबरोबर वस्तूही हवी झाली, आणि बहिणीनेही भावाला ‘रिटर्न गिफ्ट’ द्यायची झाली. दोघांच्या खिशातून पैसे जातात, दोघांच्या घरात नको असलेली एकेक वस्तू वाढते, आणि मधला दुकानदार तेवढा सुखी होतो. यात प्रेमाची मोजणी कुणी करत नाही असं नाही. पाकीट फोडून बघणाऱ्या वहिन्या सगळ्यांच्या घरी आहेत.

ओटीच्या ब्लाउजपीसचं तर स्वतंत्र चक्रच आहे. एका घरातून निघालेला पीस तीन घरं फिरून, घडी न मोडता, मूळ घरी परत येतो. शिवून कुणी घालत नाही. हसण्यावारी नेलं तरी यात अर्थशास्त्र बरोबर आहे. ज्याला वापर नाही ती वस्तू फिरती ठेवली तर निदान नवी घ्यावी लागत नाही. संक्रांतीच्या वाणाला ते जमत नाही, कारण वाण दर वर्षी चाळीस-पन्नास जणींना नवं लुटायचं असतं. प्लास्टिकच्या वाट्या, चाळण्या, साबणदाण्या घरोघरी साचतात. ज्या बायकांनी मिळून ठरवलं की वाण वीस रुपयांच्या आतलं आणि संपणारं हवं, म्हणजे गुळाचा खडा, भाजीची जुडी, मेथीचं बी, हळदीची पुडी, त्यांचा खर्चही आवरला आणि कपाटंही. एकटीने ठरवून हे होत नाही, कारण एकटीने साधं वाण दिलं की ती चिकू ठरते.

दिवाळी अंक ही भेट म्हणून मला सर्वांत पटणारी वस्तू, आणि इथे माझा पक्षपात मान्य आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घराला ही चैन परवडत आली आहे. चार घरांनी चार-चार वेगळे अंक घ्यायचे आणि महिन्या-महिन्याने अदलाबदल करायची. सोळा अंकांचं वाचन प्रत्येकाच्या वाट्याला येतं, आणि तेवढ्याला वाचनालयाची वर्गणीही पुरते. अंक वाचून दुसऱ्याला दिला तर तो वापरलेला म्हणून कुणी नाक मुरडत नाही, हे सुक्या मेव्याच्या डब्याबद्दल म्हणता येत नाही. भेटीऐवजी देणगीचाही मार्ग जुनाच आहे. महर्षी कर्व्यांनी हिंगण्याला उभारलेल्या स्त्री शिक्षण संस्थेच्या भाऊबीज निधीसाठी कार्यकर्त्या घरोघरी फिरत आल्या आहेत.

कचेऱ्यांमधल्या भेटींचा प्रश्न वरून आदेश काढून मिटवता येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने दिवाळी आणि इतर सणांच्या भेटींवर सरकारी पैसा खर्च करू नका, असं सगळ्या मंत्रालयांना आणि खात्यांना कळवलं आणि विषय संपला. घरात असा आदेश काढणार कोण? आठ चुलत-मावस भावंडांनी प्रत्येकाला एकेक भेट द्यायची म्हटलं तर ५६ भेटी होतात. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकालाच द्यायची ठरली तर आठ. हा हिशेब सगळ्यांना कळतो. तरी अडतं ते पहिल्यांदा बोलायला. ज्याची नोकरी गेली आहे, ज्याच्या मुलीची फी थकली आहे, तो माणूस ‘यंदा भेटी नकोत’ म्हणूच शकत नाही. म्हटलं की त्याची परिस्थिती चारचौघांत उघडी पडते. तो कर्ज काढील, पण पाकीट हलकं करणार नाही. म्हणून हे बोलणं घरातल्या सुस्थितीतल्या माणसाने काढायला हवं. ज्याचं ओवाळणीचं पाकीट सगळ्यांत जड असतं त्यानेच म्हणावं की यापुढे सगळ्यांची ओवाळणी एकशे एक. गौरीच्या जेवणाला सगळे जमलेले असतात आणि दिवाळीला अवकाश असतो, तेव्हा ही गोष्ट निघाली तर पचते. धनत्रयोदशीला निघाली तर कुणाची तरी खरेदी झालेली असते आणि रुसवे होतात.

परदेशी राहणाऱ्या मुलांना फराळ पाठवण्याच्या हौशीला तर हिशेब लावूच नये असं वाटतं, कारण कुरिअरचा खर्च फराळाच्या किमतीला मागे टाकतो. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी काढून घेतली आणि पुणे-ठाण्याच्या अनेक घरांत ऐन तयारीच्या वेळी गोंधळ उडाला. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमधून आता महाराष्ट्र मंडळांच्या ओळखीने घरगुती फराळ करून देणाऱ्या बायका मिळतात. आईने इथून पार्सलाऐवजी भाजणीचं प्रमाण पाठवलं आणि मुलाने तिथे चकली विकत घेतली, तर पैसे निम्म्याहून खाली येतात. आईला ते पटत नाही, तो भाग निराळा.

एका खर्चावर मात्र कात्री चालवू नये, आणि काटकसरीच्या याद्यांमध्ये नेमका तोच पहिल्यांदा कापलेला आढळतो: पोस्त. घरकामाला येणाऱ्या मावशी, वॉचमन, कचरा नेणारा, पेपर टाकणारा मुलगा. मावशींना एका महिन्याचा पगार जादा द्यायची रीत शहरांत बहुतेक ठिकाणी आहे. ती भेट नव्हे, तो त्यांचा बोनस, आणि कायद्याने मागता येत नाही एवढाच त्यात आणि आपल्या बोनसमध्ये फरक. त्याऐवजी घरात पडून असलेली मिठाईची खोकी आणि नको झालेली साडी देऊन मोकळं होणारी घरं आहेत. पैसे द्यावेत, आणि ते वसुबारसेच्या आठवडाभर आधी द्यावेत. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी पाकीट हातात ठेवलं तर त्यांच्या पोरांचे कपडे संध्याकाळी गर्दीत, उरलेल्या मापातले आणि दुकानदार सांगेल त्या भावाने घ्यावे लागतात.